मुळाशी लावलेला गुण

५ जानेवारी २००४, लातूर

लिहिणं भाग पडलं. संचालक दयानंदराव सगळे हुकूम तोंडी देतात. माझ्या आधीच्या बाईंनी ते पाळले आणि चूक त्यांच्याच माथी मारून त्यांना काढलं. म्हणून ते काय म्हणतात ते मी टिपून ठेवणार.

बाकी सुरुवात उत्तम. नांदेडला प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाले, आता पुन्हा कामाची खुर्ची मिळाली. संस्था औसा रोडवर, तळमजल्यावर. वर बारावीचा क्लास. पोरं दिवसभर एका सुरात पाठ करतात. भूकंपात उठलेल्या एका गावाच्या जुन्या जागी दहा वर्षांत कोणते जीव परतले, हा आमचा अभ्यास. ढिगाऱ्याखालून काढलेल्या गोगलगायी, मुळ्या, उंदरांची हाडं, सगळं बरण्यांत. मदतीला नायगावची वैष्णवी. एम.एस्सी. झालेली, कामाला नीट. बडबड नाही.

८ जानेवारी

ठरीव रकान्यांचा तक्ता मोडीत काढला. नवा जीव आला की रकाना कमी पडायचा. आता संगणकात संज्ञांचं झाड उभं केलं, यालाच ऑन्टॉलॉजी म्हणतात. गोगलगाय हा मृदुकाय प्राण्याचा प्रकार, शंख हा गोगलगायीचा भाग. नवं काही आलं की योग्य फांदीला जोडायचं, बाकीच्याला धक्का नाही. आणि वरच्या संज्ञेला लावलेला गुण खालच्या सगळ्यांना आपोआप लागतो.

'ढिगाऱ्याखालचं' हा गुण एकेका बरणीला लावत बसू नका, 'इमारतीतलं सगळं' या मुळालाच लावा, असं दयानंदराव म्हणाले. झाडात सध्या बरण्याच आहेत. लावला.

१२ जानेवारी

पुण्याचे पाहुणे येणार, म्हणून नमुने गोळा करणाऱ्यांची नावंही झाडात हवीत, हा नवा हुकूम. बरण्या वैष्णवीनेच भरल्या. तिचं नाव 'इमारतीतलं सगळं'खाली चढवलं. दुपारी डबा खाताना ती थांबली. घास कचकचतो म्हणाली.

१३ जानेवारी

तिने रुमालात खोकून दाखवलं. जुन्या घरांच्या माळवदावर घालतात ती पांढरी माती, त्यात शंखाचा तुकडा. वेणीतूनही माती गळते. डॉक्टरांनी धुळीची ॲलर्जी म्हणून गोळ्या दिल्या. मी संगणकाचा पडदा पाहिला. तिच्या नावापुढे संगणकाने आपणहून गुण लावलाय: ढिगाऱ्याखालचं.

१५ जानेवारी

गुण मुळावरून काढून बरण्यांना लावू, असं दयानंदरावांना सांगितलं. ते हसले. "मॅडम, तुम्ही जन्मभर खडू खाल्ला, काय झालं? पाहुणे जाईस्तोवर झाडाला हात लावायचा न्हाई." त्यांनी संगणकात मुळाला कुलूप घातलं. मला आता फक्त नावं बदलता येतात.

वैष्णवीला घरी जा म्हटलं. ती म्हणाली, "घरी जाऊन काय होतंय बाई? नाव तर इथंच हाय."

१६ जानेवारी

ती बाकावर आडवी. आवाज दबका, छातीवर दगड असल्यासारखा. "बाई, वर कोणी चालून राहिलं का? त्यांना सांगा, मी खाली हाय."

नाव पुसून पाहिलं. संगणक घेत नाही — गोळा करणाऱ्याशिवाय बरणी नाही. जागा रिकामी राहू देत नाही. दुसरं कोणाचं तरी —

१७ जानेवारी

सोपवलेल्या गोष्टी.

वैष्णवी — तिचे वडील रामकिशन यांच्या हवाली. नाव बदललं तसा खोकला थांबला. स्वतःच्या पायांनी गाडीत बसली. तिच्या जागी कोणाचं नाव घातलं, विचारत होती. गाडी सुटेल, बस, म्हटलं.

किल्ल्या, बरण्या — दयानंदरावांना. पोच दिली नाही.

ही वही — जो उकरेल त्याला. पानावरची माती पुसते, पुन्हा पांढरं —

वरची पोरं पाठ करताहेत. फार लांबून. कोणी तरी त्यांना सांगा, मी खा—