मामीने पुरी केलेली अँटेना

धाराशिव, मंगळवार

ती. बिभीषणमामांना अक्षदाचा नमस्कार. (रागात वाकलेय, तरी गोड मानून घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? तुरीची रास झाली का? इकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून, आणि त्याला कारण तुमच्या सौभाग्यवती. पत्र जळकोटच्या कंडक्टरच्या हाती देतेय, कारण मामी माझा फोन उचलत नाही आणि तुमचा फोनही तिच्याच पिशवीत असतो.

मामा, सहा महिने मी एमएस्सीच्या प्रकल्पासाठी अँटेना करत होते. टीव्हीच्या छत्रीसारखी खोलगट नाही, सपाट. परातीएवढ्या थर्माकोलवर एकात एक आठ कडी आखायची आणि एकाआड एक चार कड्यांवर पोळ्या गुंडाळायचा चंदेरी कागद चिकटवायचा. सेंटीमीटरभर लांबीच्या लहरी येतात. तालात पोचणाऱ्यांना रिकाम्या कड्यांतून सोडायचं, बेताल असतील त्यांना कागदानं अडवायचं, म्हणजे पलीकडे एका बिंदूवर सगळा जोर एकवटतो. थोडक्यात, रिकामी कडी रिकामीच हवीत!

रविवारी मामी पाहुणी आली. मी अंघोळीला गेले (एवढाच माझा गुन्हा). बाहेर येऊन बघते तर आठच्या आठ कडी चकाचक! ब्लाऊज बेतायची कात्री काढून तुमच्या म्हाळसाबाईंनी चारही रिकाम्या जागा भरून टाकलेल्या. वर मलाच म्हणते, "लई अर्धवट ठिवलं व्हतंस गं. अपुरी वस्तू घिऊन परीक्षेला जाऊ न्हाय." आता त्यातून एक लहर आरपार जाईल तर शपथ. गुरुवारी बाहेरचे परीक्षक येणार, त्यांना काय ताट दाखवू? मी तोंडाला येईल ते बोलले. मामी चहासुद्धा न घेता गाडीत बसली. बसू दे. मला काडीइतकंही वाईट वाटत नाही. तिला बजावा, पुन्हा इकडे येताना कात्री आणायची नाही.

तुमची संतापलेली भाची,
अक्षदा

ता. क. मामीचे तुकडे काढायला बसले आणि रागाच्या भरात माझेच ओरबाडले. तिचे चार राहिले. तसंच लहरी मोजायच्या यंत्रापुढे धरलं, तर सहा महिन्यांत आला नव्हता एवढा सिग्नल आला. (एकाआड एक असलं की झालं, कोणती चार झाकायची ते लहरींना सारखंच. हे मला पाठ होतं.) मग मोजून पाहिलं. माझी कापणी तीन मिलिमीटर वाकडी, मामीची बरोबर रेघेवर.

ता. ता. क. आनंदानं उडी मारली, त्यात थर्माकोल मोडला. नवा आणून कडी आखून ठेवलीत. बुधवारच्या पहिल्या गाडीनं मामीला बसवून द्या. नाही म्हणाली, तर अक्षदा चुकली म्हणून सांगा. आणि मामा, कात्री विसरू देऊ नका.