पाण्याखालचा रस्ता दाखवणारं अ‍ॅप

बाबा, आत्याला तिचं बुडालेलं गाव दाखवायला न्यायचं ठरलं आणि माझ्या फोनमध्ये नकाशांची भांडणं सुरू झाली. गोसीखुर्द धरणाचं पाणी या उन्हाळ्यात बरंच मागे गेलं आहे. तिचे गुडघे पुढच्या उन्हाळ्याची हमी देत नाहीत. "यंदा नेतं तं ने, नाही तं फोटो दाखव," ती म्हणाली. डांबरी रस्ता अर्ध्यावर संपतो, पुढे पांदण आणि धानाचे बांध, आणि तिथे रेंज नाही. म्हणून आठवडाभर मी एकेक अ‍ॅप तपासत होते. एक डोंगर चढणाऱ्यांसाठीचं होतं. त्यात उंचीच्या रेषा फार सुंदर. आपल्या सपाट धानाच्या बांध्यांमध्ये त्यांना काही काम नव्हतं. दुसरं सगळ्यांकडे असतं ते, बोलणारं. लाखनीतली प्रत्येक चहाटपरी त्याला ठाऊक, पण रेंज गेली की त्याचा भरवसा नाही. तिसरं फुकट, आधी उतरवून ठेवता येणारं. त्यात कुणीही रस्ता काढावा, खूण करावी. कुणी तरी बैलगाडीची वाटसुद्धा काढून ठेवली होती. मी तेच निवडलं.

तुम्ही मला सायकलच्या कॅरियरवर लुगड्यांच्या गाठोड्याशेजारी बसवून अड्याळच्या बाजाराला नेत असा. ओळखीच्या वाटेवरही थांबून रस्ता विचारायचा. "तुम्हाले माहीत आहे, मंग काहून विचारता?" मी चिडून म्हणायची. तुम्ही सायकल न थांबवता दटावायचात, "न विचारता गेलं तं पानी कोण पाजंल? आन् लुगडं कोण पाहील?"

आत्याने मात्र जीपमध्ये बसताच बोलणारं अ‍ॅप लावायला लावलं. मुक्या नकाशावर तिचा विश्वास नाही. आदल्या दिवशी घरच्या वायफायवर तेही उतरवून ठेवलं होतं, म्हणून चाललं. पांदणीने वळत वळत आम्ही काठाशी आलो. गावावरचं पाणी अजून हटलं नव्हतं. समोर पाणी, आणि फोनमधली बाई शांतपणे म्हणाली, सरळ पुढे जा.

"हिले पोहता येते वाटते," आत्या म्हणाली. "मले नाही येत वो. तू ब्रेक दाब."

मी तिसरं अ‍ॅप उघडून दाखवलं. त्यात सगळं बरोबर होतं: काठ, पाणी, आमची जीप. गाव नव्हतं. आत्या नुसत्या निळ्या रंगाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "त्या बाईचं लाव." त्या चुकीच्या नकाशात रस्ता अजून होता, पाण्यातून थेट आत जाणारा, आणि त्याच्या टोकाला गावाचं नाव. तिने ते अक्षर अक्षर लावून वाचलं. "लिहून तं आहे!" घर कुठे होतं ते दाखवायला तिने अंगठा टेकवला तर अख्खं गावच झाकलं गेलं. ती इतकी हसली की मला तिला धरावं लागलं.

नंतर काठावर शेव-चिवडा खात तिने मला जागा सांगितल्या. ही विहीर, हे देवीचं ठाणं. आणि ही बोडी, गावचं लहानसं तळं, जिथे दिवाळीला तिच्याकडे येताना तुम्ही सायकल आणि लुगड्यांच्या गाठोड्यासकट चिखलात गेलात. बोडीच्या पाळीवर, बांधावर, बायका जमल्या होत्या. तुम्ही उठून लुगडं पिळत म्हणालात, "रंग जाते का पाहून राहिलो होतो." त्यातली दोन तिथेच विकली, म्हणे.

मी तिसऱ्या अ‍ॅपमध्ये एकेक खूण करत गेले. विहीर पाण्यात, ठाणं पाण्यात, सगळं जिथल्या तिथे. घरी येऊन तुम्हाला हे लिहायला घेतलं आणि आता तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, म्हणून ते तसंच ठेवून देते आहे. एवढंच सांगायचं राहिलं: तुमच्या पडण्याची जागाही पाण्यातच येत होती. ती खूण मी बोटाने थोडी ओढून काठावर आणली आहे, कोरड्या जमिनीवर. नकाशात ती चूक आहे.