गाडीत ऐकू आलेला श्वास

प्रिय सौमित्र,

तुझा फोन आला की मी "बाबा बरे आहेत" एवढंच सांगते आणि तूही पुढे विचारत नाहीस. म्हणून आज लिहायला बसले.

मोहालीत थंडी पडायला लागली. बाबा सोसायटीच्या बागेत उन्हाला बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला 'हाँ जी' म्हणतात आणि घरी येऊन भाजीत दाण्याचं कूट कमी पडलं म्हणून कुरकुरतात. आई गेल्यावर त्यांना इथे आणलं तेव्हा वाटलं होतं, रमणार नाहीत. रमले नाहीतच, नुसती सवय झाली.

माझं काम गाडीतली घरघर कमी करायचं, हे तुला माहीत आहे. छतातले माइक इंजिनाचा आवाज टिपतात, स्पीकरमधून त्याच्या नेमका उलटा आवाज सोडायचा, की दोन्ही एकमेकांना मारतात. बोलणं मात्र तसंच ऐकू येतं. चाचणीसाठी हे सगळं माझ्याच गाडीत बसवलंय. दिवाळीनंतरच्या रविवारी बाबांना घेऊन कुराळीच्या रस्त्याला निघाले आणि खरड गाव मागे पडल्यावर यंत्रणा चालू केली. बाबा दचकलेच. "बंद पडली की काय गं गाडी?" मला हसू आलं.

आणि मग एक बारीक, तुटक आवाज ऐकू यायला लागला. वाटलं, स्पीकरच बिघडला. यंत्रणा बंद केली, पुन्हा लावली, तरी तेच. शेवटी गाडी कडेला घेतली तेव्हा उमगलं. बाबांना बसल्या जागी धाप लागत होती. कधीपासून, म्हणून विचारलं तर म्हणाले, "असेल दसऱ्यापासून. टीव्ही मोठा लावला की कळत नाही."

परतताना बाबा एकदम म्हणाले, "सौमित्रच्या मुलीचं नाव काय ठेवलं?" तुला मुलगी झाली हे त्यांना कुठून कळलं, देव जाणे. तुझ्या लग्नाला न आलेला, सुरुचीचं नावही घरात काढू न देणारा हा माणूस! मी म्हटलं, "ओजस्विनी." ते दोनदा पुटपुटले. "जड आहे. पोरीला स्वतःला म्हणता यायला वेळ लागेल," म्हणाले आणि डोळे मिटून घेतले.

तपासण्या झाल्या आहेत. फुफ्फुसं कडक होत चालली आहेत आणि त्यावर आता इलाज नाही. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, उन्हाळा निघेल असं धरून चालू नका. बाबांनाही सगळं सांगितलंय. तुला कळवायचं नाही, अशी त्यांची सक्त ताकीद आहे, ती मी आज मोडतेय. सुरुचीला आणि ओजूला घेऊन ये. ते माफी मागणार नाहीत, सौमित्र. तुला बघून कदाचित भिंतीकडे तोंड फिरवतील. तरी ये. त्यांनी आधी बोलावं म्हणून थांबण्याएवढा वेळ आता तुम्हा दोघांकडेही नाही.

तुझीच,
विनूताई