आधी सांगायचं, मग हात लावायचा

मंगळवार, दुपार

ती. अण्णांस,

नमस्कार. मी इकडे खुशाल आहे. तुमची तब्येत कशी आहे हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते, उत्तर मला पाठ आहे. "ठणठणीत" म्हणाल आणि फोन दादाच्या हातात द्याल. म्हणून या खेपेला फोन न करता पत्र लिहिते आहे. पत्र काही मधेच दुसऱ्याच्या हातात देता येत नाही.

खोली बरी आहे. खिडकीतून समोर दवाखान्याची गच्ची दिसते. तिथे दिवसभर पांढऱ्या चादरी वाळत असतात. वारा आला की सगळ्या एकदम फुगतात आणि अर्धवट झोपेत पाहिलं तर ती इमारतच हळूहळू कुठेतरी निघाली आहे असं वाटतं. मी बराच वेळ बघत बसते. घरमालकीण म्हणते, एवढं काय बघायचं त्या धुण्यात. तिचंही खरं आहे.

मागच्या फोनवर मी रुग्णसेवेचा कोर्स मजेत चालला आहे असं सांगितलं होतं. ती थाप होती. चाळिशीला टेकलेली मी, वर्गातल्या पोरींची मावशी शोभते, आणि पहिल्याच दिवशी मला साधे हातमोजे घालता आले नाहीत. तळव्यांना घाम फुटला की ते रबर चढतच नाही. करंगळी आणि तिची शेजारीण एकाच घरात जाऊन बसल्या. बाकीच्या पोरी पुढच्या धड्याला लागल्या, तरी मी आपली हात झटकत उभी. बाईंनी, म्हणजे आमच्या शिकवणाऱ्यांनी, दुसरी जोडी माझ्यापुढे ठेवली आणि त्या पुढे गेल्या. त्यामुळे जास्तच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हापासून रोज फाटकाशी पोचले की छातीत धडधडायला लागतं. बाहेरच्या बाकावर बसते, श्वास जागेवर आला की आत जाते. फाटकावरचा रखवालदार आता ओळखीचा झाला आहे. म्हणतो, बसा निवांत, दवाखाना काही पळून जात नाही. एक-दोनदा तर मी तिथूनच परत फिरले. हेही तुम्हाला सांगितलं नव्हतं.

आमचा सराव एका पुतळ्यावर चालतो. नुसता पडून असतो, सगळी सेवा करून घेतो आणि चांगलं कधी म्हणत नाही, म्हणून पोरींनी त्याचं नाव मामंजी ठेवलं आहे. त्याला कुशीवर वळवायचं, अंग पुसायचं, खालची चादर बदलायची. पण काहीही करण्याआधी मोठ्याने सांगायचं, "आता मी तुमचा डावा हात उचलते." न सांगता बोटही लावायचं नाही. पुतळ्याशी असं बोलताना सुरुवातीला सगळ्याच हसायच्या. मला हसू येत नव्हतं. मामंजींच्या शर्टाचं बटण काढायची वेळ आली की माझे हात गार पडायचे.

मग बाईंनी एक दिवस पुतळा बाजूला ठेवला आणि आम्हालाच आळीपाळीने रुग्ण केलं. पहिली मी. माझ्या जोडीला जी पोरगी आहे तिला सगळे रेडिओ म्हणतात, कारण ती बंद होत नाही. ती बोलायला लागली. आता तुमचा चेहरा पुसते. आता गुडघा वाकवते. आता खांद्याला आणि कमरेला धरून तुम्हाला माझ्याकडे वळवते. दुपारचं ऊन हिरव्या पडद्यांतून येत होतं, खोली पाण्याखाली असल्यासारखी दिसत होती. आणि अण्णा, मला झोप लागली.

अगदी गाढ. कित्येक दिवसांत लागली नव्हती तशी. झोपेत मी तुमच्या बसमध्ये होते, तुमच्या पाठीमागच्या सीटवर, पाय जमिनीला न टेकणारी. बस डोंगर चढत होती आणि मागे न बघता तुम्ही म्हणत होता, "वळण येतंय, धरून बस." मी धरत होते आणि वळण अलगद निघून जात होतं. एकामागून एक वळणं, आणि एकाही वळणाची भीती वाटत नव्हती.

जागी झाले तेव्हा अख्खा वर्ग पलंगाभोवती उभा होता. माझे हातपाय पुसून झाले होते, माझ्या अंगाखालची चादरसुद्धा बदलली होती आणि मला पत्ता नाही. शरमेने मी उठायला लागले, तर बाईंनी खूण केली, पडून राहा. रेडिओला म्हणाल्या, रुग्ण झोपला, म्हणजे तुझं काम चोख झालं. आणि मला म्हणाल्या, "सोमवारी वॉर्डात तू खऱ्या माणसाला आंघोळ घालायची. हातांची काळजी करू नकोस. बोलत राहा."

ते काल झालं.

एक आजोबा होते, तुमच्याच वयाचे. भिंतीकडे तोंड करून पडले होते, आंघोळ नको म्हणत होते. माझी धडधड होतीच, हातमोजे तिसऱ्या खेपेला चढले. पण मी बोलायला लागले. त्यांनी वळून न बघता विचारलं, पाणी गरम आहे का. मी म्हटलं, तुम्हीच बघा, आणि त्यांचा हात धरून भांड्यात बुडवला. बराच वेळ त्यांनी तो पाण्यातच ठेवला. मग म्हणाले, "घाल."

आम्ही सगळं अंग एकदम उघडं करत नाही, अण्णा. जेवढं पुसायचं तेवढ्यावरचाच टॉवेल बाजूला करतो, बाकीचं झाकलेलं असतं. पुसून झालं की तेही झाकतो. कुणाला काही दिसत नाही, आम्हालासुद्धा नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे.

पाठ पुसताना त्यांनी विचारलं, वडील आहेत का तुला? आहेत म्हटलं. तर म्हणाले, त्यांना कोण आंघोळ घालतं? मी म्हटलं, त्यांची ते करतात.

वहिनीने मला सगळं सांगितलं आहे. पडल्यापासून तुम्ही दादाला जवळ येऊ देत नाही. दार लावून घेता, तोंडावर पाणी मारता आणि आंघोळ झाली म्हणता. कंबर दुखते तरी हूं की चूं करत नाही. तिच्यावर रागावू नका, ती फोनवर रडत होती.

आणि फाटकाशी माझी छाती का धडधडायची तेही आता लिहून टाकते. ती भीती रक्ताची नाही, घाणीची नाही, बाईंची तर नाहीच नाही. मामंजींचा शर्ट काढताना मला तुम्ही दिसायचात. एवढी मोठी बस एकट्याच्या हाताने वळवणारा माणूस असा पडलेला मला बघवणार नाही, असं वाटायचं. म्हणून पळून जावंसं वाटायचं. आता वाटत नाही असं नाही. पण काल त्या आजोबांची पाठ मी शेवटपर्यंत पुसली.

मी रविवारी येते आहे. आणीन तर फक्त दोन मऊ टॉवेल. आधी सांगेन, मग हात लावीन. तुम्ही नको म्हणालात तर तिथेच थांबेन, तेही आम्हाला शिकवलं आहे. बाहेर येऊन बसेन, चहा पिऊ, आणि मी तो विषय काढणार नाही.

पण नको म्हणू नका, अण्णा.

तुमची,
धाकटी