खारबांधाखालची शेड

मी, हौसाबाई जगन म्हात्रे, वय एकाहत्तर, राहणार पेण, कुणाच्या दडपणाखाली नसताना आणि डोके पूर्ण ठिकाणावर असताना लिहून ठेवते की, माझ्या माघारी माझ्या मालमत्तेची व्यवस्था खालीलप्रमाणे व्हावी.

१. गणपतीचा कारखाना यजमानांनी माझ्या नावे केला होता. तो माझी सून मृणाली हिला मिळावा. एकुलत्या एका मुलाला, हितेशला, का नाही, ते लिहिणे भाग आहे.

गेल्या वर्षी मृणालीने आम्हाला बसवून विचारले, "धंद्याला बाहेरून काय धोका आहे आणि घरातून काय?" बाहेरचे हितेशने भराभर सांगितले: पीओपीचे बदलते नियम, शाडूच्या मूर्तींना वाढती मागणी, मुंबईच्या व्यापाऱ्याची घाई. घरातल्या धोक्याचा विषय निघताच तो उठला. मृणाली म्हणाली, "तुम्ही कुणाला न विचारता शब्द देता, हाच घरातला धोका."

व्यापाऱ्याला दुप्पट मूर्तींचा शब्द तो देऊन बसला होता. कारखान्यात जागा पुरेना, म्हणून त्याने धरमतर खाडीकडे, भरतीचे खारे पाणी अडवणाऱ्या खारबांधाखाली शेड घेतली. बांधाला भेग होती. मी म्हटले, "उधाणाचा पाणी आत येल रं."

"आय, एका हंगामाचा तं प्रश्न हाय."

आषाढी अमावास्येला भरदुपारी बांध फुटला. वाडीवरचा आमचा कारागीर भरत आत होता. हितेशने त्याला फोनवर सांगितले, "आधी माल वर उचल." भरत कच्च्या मूर्ती फळीवर चढवत राहिला आणि भिंत त्याच्यावर आली. शाडूच्या चिखलातून त्याला काढले तेव्हा तो गेलेला होता.

२. राहत्या घराच्या मागच्या दोन खोल्या भरतची बायको करिश्मा हिला मालकी हक्काने द्याव्यात. तिला उठवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

३. रोह्याची माझी माहेरची जमीन हितेशला. ती उंचावर आहे. त्याने तिथे शेड बांधावी, एवढेच आईचे मागणे.

४. यजमानांच्या हातचे साचे मी आजच मृणालीच्या ताब्यात दिले आहेत. ते खाडीकडे नेऊ नयेत.

हे सारे मी हितेशला वाचून दाखवले. खाडीकडची शेड त्याच्या स्वतःच्या नावावर आहे, तिथे माझे काही चालत नाही. तो शांतपणे म्हणाला, "हे तुझ्या माघारी ना, आय? मंग यंदाचा हंगाम होऊ दे."

नवे साचे त्याने मागवले आहेत. बांधाला नुसती वरून माती लिंपली आहे. भरतचा धाकटा भाऊ पांडू कालपासून तिथे कामाला जातो.

वाचून, समजून सही केली.
हौसाबाई जगन म्हात्रे

आमच्यासमोर सही झाली:
आदेश ठाकूर, शेजारी
इंदुबाई पाटील, मैत्रीण

पेण, ८ जून २०२६