माळवदाची माती

पाथर्डी,
९ मे १९७१

सौ. मुक्ता हिला गहिनीनाथचा आशीर्वाद.

मी खुशाल आहे. खोकला गेला, जेवण वेळेवर होतं.

आपल्या नव्या घराच्या भिंती झाल्या, आता वर माळवदाच्या छपरावर माती टाकायची वेळ आली. रेल्वेत तीस वर्षं सिग्नल सांभाळले, पण माती ओळखता येत नाही हे परवा कळलं. मी दोन गाड्या पांढरी माती आणून ठेवली होती. थोरल्या गोजरवहिनींनी चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकल्या. "भावजी, ही गोड हाय. पावसाळ्यात वर गवत उगवंल, मुळ्या खाली उतरतील आन् घर गळंल. माळवदाला खारीच लागती."

मग पासष्टाव्या वर्षी त्या स्वतः ओढ्याकाठी हिंडल्या. पाच ठिकाणची माती चाखली, सहावी पसंत केली आणि काल पसरलीसुद्धा. मी नुसत्या मातीच्या पाट्या भरून देत होतो. इतकी वर्षं सुट्टीत त्यांच्या हातचं जेवून गाडी धरली. त्यांना एवढं येतं हे कधी पाहिलंच नाही.

विहिरीला पाणी आहे. विहीर थोडी लांब आहे, पण आहे.

बेलापुरात आपल्या सहादेवची मुलं कशी आहेत? तुझे गुडघे?

वहिनींनी विचारलं, "मुक्ता येनार हाय ना? का एकट्यासाठीच चाललंय हे?" मी "येईल" म्हणालो, तुला न विचारता. नातवंडांत तुझा जीव रमलाय, हे ठाऊक आहे. मन नसेल तर तसं लिही, मी रागावणार नाही.

वहिनींनी चुलीची जागा मात्र अजून आखलेली नाही. म्हणतात, ती मुक्तानंच दाखवायची.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
गहिनीनाथ