आकड्याला उलटं टांगलेलं हृदय

अहो,

बावीस वर्षांच्या संसारात मी तुम्हाला एकही पत्र लिहिलं नाही. गरजच पडली नाही. तुम्ही पुढं मटणाच्या दुकानात, मी मागं स्वयंपाकघरात, मध्ये एक पडदा. हाक मारली की काम भागायचं. आज लिहायला बसलेय, कारण आज वर्गात सगळ्या पोरी मला हसल्या, मीही पोट धरून हसले, आणि बसमधून घरी येताना लक्षात आलं की ही गंमत पुरती कळणारा माणूस एकच होता. त्याला आता सांगू कशी?

कसला वर्ग, असं विचाराल. सांगते, दमानं घ्या.

तुम्ही गेल्यावर वर्षभर मी नुसती बसून होते. दुकान संभा भावजींनी चालवायला घेतलं. चांगलं चालवतात, पण सुऱ्याला तुमच्यासारखी धार त्यांना लावता येत नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय. मग एक दिवस आपल्या ऋतुजानं एक फॉर्म आणून माझ्या पुढ्यात टाकला. दवाखान्यात रुग्णांची देखभाल करायला शिकवणारा एक वर्षाचा कोर्स. म्हणाली, "आई, त्रेचाळीस म्हणजे काय म्हातारी न्हाईस तू. कर सही." केली. पण फॉर्मवर तुमचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा हात अडला. लग्नातला उखाणा सोडला तर जन्मात कधी ते तोंडानं घेतलं नव्हतं मी.

वर्गात सगळ्या अठरा-वीसच्या पोरी. मला मावशी म्हणतात. शिकवायला शेख मॅडम, त्याही आपल्या ऋतुजापेक्षा सहा-सात वर्षांनीच मोठ्या असतील. पहिल्याच दिवशी त्यांनी शरीराची भाषा शिकवायला घेतली. वरच्या बाजूचं ते सुपीरियर, खालच्या बाजूचं ते इन्फीरियर. पुढचं अँटीरियर, मागचं पोस्टीरियर. मधल्या रेषेजवळचं मीडियल, तिच्यापासून लांबचं लॅटरल. पोरींची तोंडं बघण्यासारखी झाली होती! माझीही झाली, पण चित्रं काढायला लागल्यावर मात्र मी सावरले. मूत्रपिंडाचं चित्र आलं, मी मनात म्हटलं, हा तर आपला गुर्दा. यकृत आलं, हे काळीज. प्लीहा म्हणजे तिल्ली. सगळे आपल्या दुकानातलेच पाहुणे, नावं बदलून आलेले.

आणि एक दिवस मॅडम म्हणाल्या, डावं फुप्पुस उजव्यापेक्षा लहान असतं, हृदयाला जागा हवी म्हणून. माझी पेन्सिल तिथंच थांबली. ऋतुजा सहावीत असताना तुम्ही तिला ओट्यावर बसवून दाखवलं होतं, आठवतंय? "बघ बाळा, डावं बारकं हाय. शेजाऱ्याला जागा करून दिलीया त्यानं." तेव्हा मी स्वयंपाकघरातून ओरडले होते की पोरीला अभ्यासाला बसवा, हे काय दाखवत बसलाय! तो अभ्यासच होता की हो. आठवी नापास माणसाला हे कुणी शिकवलं होतं? तुम्ही बघत होता, एवढंच. रोज तेच काम करून तुमचं बघणं संपलं नव्हतं.

पंधरा दिवसांपूर्वी आम्हाला लॅबमध्ये नेलं. गालाच्या आतून काडी फिरवायची, काचेच्या पट्टीवर पुसायची, वर निळ्या रंगाचा थेंब. मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा. आधी मला माझीच पापणी दिसत होती. मग मॅडमनी चक्री फिरवली आणि अहो, काय सांगू! फिकट निळ्या, वेड्यावाकड्या चकत्या, प्रत्येकीच्या मधोमध एक गडद ठिपका. मॅडम म्हणाल्या, "मावशी, ही तुमची पेशी. मधला ठिपका म्हणजे केंद्रक. तुमचा रंग, उंची, नाक, सगळ्याचा नकाशा त्यात हाय. निम्मा आईकडचा, निम्मा वडिलांकडचा." माझा बाप आजऱ्याला काजूच्या कारखान्यात राबला आणि मी दहा वर्षांची असताना गेला. त्याचा एक फोटोही नाही आमच्याकडं. आणि तो तिथं होता, माझ्या गालात, त्या ठिपक्यात! मागच्या पोरी घाई करायला लागल्या तरी मी डोळा काढेना.

बाहेर आले तर सगळं वेगळंच दिसायला लागलं. बसचा कंडक्टर, भाजीवाली, शेजारची बडबडी पोर, सगळी माणसं अशा अब्जावधी चकत्यांची बनलेली, आणि कुणाला पत्ताच नाही.

आता आजचं ऐका.

हृदय शिकायचं होतं. मॅडम काल म्हणाल्या होत्या, बकऱ्याचं हृदय कुणाला आणता येईल का? मी हात वर केला. "मॅडम, दुकान घरचंच हाय." भावजींनी सकाळी मुरगूडच्या बाजारातल्या बकऱ्याचं ताजं हृदय डब्यात घालून दिलं. वर्गात मॅडम म्हणाल्या, "मावशी, तुम्हीच धरून दाखवा. माणसाच्या छातीत जसं असतं तसं."

मी ऐटीत उठले. तळहातावर घेतलं आणि टोक वर, नळ्या खाली असं धरून उभी राहिले. मॅडम बघतच राहिल्या.

"मावशी, तुमचा पेशंट काय डोक्यावर उभा हाय व्हय?"

सगळा वर्ग हसत सुटला! मला क्षणभर कळेना काय चुकलं. मग कळलं. मी आयुष्यभर बकरं आकड्याला मागच्या पायांनी टांगलेलंच पाहिलं. मुंडीकडची बाजू खाली, शेपटीकडची वर. माझ्या डोक्यात प्रत्येक अवयव तसाच उलटा बसलेला. "मॅडम, आमच्यात सगळं उलटंच टांगतात की!" असं म्हटलं आणि मलाच हसू आवरेना. तुम्ही गेल्यापासून मी अशी हसले नव्हते.

पण लिहायचं खरं कारण हे नाही. ते पुढं घडलं.

हसणं ओसरल्यावर मॅडमनी मला वर्गासमोर उभं केलं. ताठ, तोंड समोर, हात बाजूला, तळवे पुढं. शरीराचं वर्णन नेहमी असं उभं राहिलेलं धरून करायचं, आणि डावं म्हणजे त्या शरीराचं डावं, बघणाऱ्याचं नव्हे. मग त्यांनी माझ्या छातीवर हात ठेवला आणि सांगितलं की हृदयाचं दुखणं दर वेळी इथंच दुखेल असं नाही. हात सरकत माझ्या डाव्या खांद्यावर आला, दंडाच्या आतल्या बाजूनं खाली उतरला, मग जबड्याकडं गेला. "माणूस म्हणतो, खांदा भरलाय. वझं उचललं असंल."

अहो, त्या क्षणी मला तुमचा शर्ट दिसला.

कत्तलखान्यातून टेंपोनं आलेलं बकरं तुम्ही खांद्यावर घेऊन दुकानात आणायचा. रोज त्या शर्टाला डाग पडायचा, आणि रोज मी तो गार पाण्यात भिजत घालायचे. बावीस वर्षं. डाग उजव्या खांद्यावर असायचा. कायम उजव्या! आणि त्या शनिवारी तुम्ही म्हणालात, "डावा खांदा लई भरलाय गं. वझं उचलून उचलून झालंय. जरा बाम चोळ की." मी म्हटलं, दवाखान्यात जाऊया. तुम्ही म्हणालात, "उद्या रविवार हाय. गिऱ्हाईक सोडून जाऊ व्हय? सोमवारी दुकान बंदच हाय, तवा जाऊ." मी चोळत बसले. डाव्या खांद्यावर तुम्ही कधी वजन घेतलंच नव्हतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी डोक्यात आलं नाही. रविवारी दुपारी रांग संपली, तुम्ही सत्तूर धुऊन ठेवला, आणि ओट्याला टेकून बसलात ते उठलाच नाहीत. हजारो हृदयं तळहातावर घेतलेला माणूस. स्वतःचं दोन दिवस हाका मारत होतं आणि आपण दोघांनी त्याला बाम लावला!

तुमच्यावरही राग आहे माझा. एक रविवार दुकान बंद ठेवलं असतं तर कोल्हापूर उपाशी मरणार होतं काय?

वर्ग सुटल्यावर मी मॅडमना गाठलं आणि सगळं सांगितलं. विचारलं, त्या शनिवारी नेलं असतं तर वाचले असते का? वाटलं होतं, तुमची काही चूक नाही म्हणतील, लोक म्हणतात तसं. त्या म्हणाल्या, "कदाचित वाचले असते. नक्की सांगता येत न्हाई, मावशी. तुम्हाला तवा माहीत नव्हतं." मी बाकावर बसून रडले. खोटं बोलल्या नाहीत, याचं बरं वाटलं.

मग शेजारी बसून त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी अजून जागेवर आलेली नाही. म्हणाल्या, बाळ पोटात असताना त्याच्या काही पेशी आईच्या रक्तात उतरतात. बाळंतपणानंतर सगळ्याच जात नाहीत. काही राहतात. कित्येक वर्षांनीसुद्धा आयांच्या अंगात त्या सापडल्या आहेत, अगदी हृदयातसुद्धा. प्रत्येकीत सापडतीलच असं नाही, पण असू शकतात.

ऋतुजाच्या पेशी म्हणजे निम्मा नकाशा तुमचा! कळतंय का काय म्हणतेय मी? तुम्हाला अग्नी दिला, अस्थी पंचगंगेत सोडल्या, घरातले तुमचे शर्टसुद्धा वाटून टाकले. आणि इतकी वर्षं, तुम्ही पडद्यापलीकडं होता तेव्हाही, कदाचित तुमचं काहीतरी माझ्या रक्तातून फिरत होतं. अजून फिरत असेल. मघाशी जेवताना, भांडी घासतानासुद्धा मी मध्येच थांबले आणि मनगटावर बोट ठेवून बघितलं. वेडी म्हणाल. म्हणा.

सोमवारपासून मला तातडीच्या विभागात काम शिकायला जायचंय. मार्केट यार्डातले हमाल येतील, उसाच्या ट्रॉल्या भरणारे येतील, म्हणतील, काय न्हाय हो, वझं उचलून खांदा भरलाय. मी शब्द देते, त्यातल्या एकालाही बाम लावू देणार नाही. आधी विचारीन, "पावणं, वझं कुठल्या खांद्यावर घेतासा?" आणि दुखणारा खांदा दुसरा निघाला, तर डॉक्टरांना हाताला धरून ओढत आणीन. तो पेशंट सोमवारचं नाव काढायला लागला, तर त्याला तुमची गोष्ट सांगीन. तुमचं नाव घेऊन सांगीन.

तुमची, आणि आता नुसती म्हणायची म्हणून नव्हे,
सुरेखा